नेद्याल्काने उंबऱ्यावर ओतलेलं पाणी

प्लोव्दिवच्या रंगभूमीवर मी एकतीस वर्षं राजे केले. राजे, सेनापती, दोन भुतं आणि शेवटी शेवटी एक मुका चौकीदार. टाळ्या भरपूर मिळाल्या, तक्रार नाही. पण माझ्या आवाजाचा सगळ्यात मोठा उपयोग झाला तो नाटकात नव्हे. ती संधी मला आमच्याच जिन्यात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या नेद्याल्का स्तोइमेनोवाने दिली.

नेद्याल्का शहरातल्या एका संशोधन संस्थेची कचेरी सांभाळायची. बुटकी, खांद्यांनी रुंद, केस मेंदीने लाल केलेले, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. संस्थेतली तरुण मुलं तिला नेदामावशी म्हणत आणि वचकून असत. संगणकातलं तिला काही कळत नव्हतं आणि ते ती लपवतही नसे. "यंत्राचं मला काय विचारता? मला तारीख विचारा," म्हणायची. आणि तारीख विचारली की ती डोळे मिटून सांगायची.

संशोधनाला ब्रसेल्सहून पैसा मिळतो, तो एकट्यादुकट्याला मिळत नाही. निरनिराळ्या देशांतल्या संस्थांनी एकत्र येऊन अर्ज करायचा, काम वाटून घ्यायचं, एकमेकांना द्यायचं ते ठरल्या दिवशी द्यायचं. नेद्याल्काच्या संस्थेने असा एक प्रकल्प मिळवला होता. छापील कागद आंधळ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवणारं यंत्र, आणि तेही बल्गेरियन, ग्रीक, स्लोव्हेनियन, एस्टोनियन अशा भाषांत, ज्यांच्याकडे मोठ्या कंपन्या वळून बघत नाहीत. प्लोव्दिव, थेस्सालोनिकी, ल्युब्लियाना आणि तार्तू, अशा चार गावांची ही मोट. शास्त्रज्ञ वर्षातून दोनदा भेटायचे, छान जेवायचे आणि भांडून परतायचे. मोट बांधून ठेवली होती ती चार कचेऱ्यांतल्या चार बायकांनी. कोणाचा नामदिन, म्हणजे नावाच्या संताचा सण, कधी, कोणाच्या सुनेला काय झालं, कोणाचा साहेब सही करताना कुरकुर करतो, हे सगळं त्यांना ठाऊक.

त्यातली थेस्सालोनिकीची एवांथिया ही नेद्याल्काची विशेष लाडकी. दोघींची भाषा एक नव्हती. दोनशे इंग्रजी शब्द आणि आमच्या व त्यांच्या स्वयंपाकघरांत तुर्कांनी मागे ठेवलेले शंभरेक शब्द, एवढ्यावर त्या फोनवर अर्धा अर्धा तास बोलायच्या आणि खिदळायच्या.

मला या सगळ्यात ओढलं ते असं. एके सकाळी नेद्याल्काने दार वाजवलं.

"काय महाराज, गादीवरून उतरलात की नाही?"

"उतरून बारा वर्षं झाली. का?"

"आवाज अजून आहे ना जागेवर? मग चला. आमच्या यंत्राला आवाज हवाय. तरुण पोरं वाक्याचा शेवट गिळतात."

सहा आठवडे मी संस्थेच्या तळघरात घोंगड्या टांगलेल्या खोलीत बसून वाचत होतो. 'काल आठ बदकं पुलाखालून गेली.' 'त्सानकोच्या आजीने झाकण उघडलं नाही.' अशी हजारो वाक्यं. कथा नाही, राग नाही, प्रेम नाही. मी जरा रंग भरला की काचेपलीकडून प्राध्यापक कांबुरोव हात हलवायचे, "सपाट वाचा, सपाट!" आयुष्यात कोणत्याही दिग्दर्शकाने माझा इतका अपमान केला नव्हता. नंतर ते वाक्यांचे तुकडे करून त्यातून नवी वाक्यं बांधायचे. म्हणजे मी कधीच न बोललेलं माझ्याच आवाजात ऐकू यायचं.

नेद्याल्काला या यंत्राची एवढी तळमळ का, ते जिन्यातल्या सगळ्यांना माहीत होतं. तिचा धाकटा भाऊ गेन्चो तिच्याकडे राहायचा. तो लेथवर काम करणारा. चाळिसाव्या वर्षी कारखान्यात अपघात झाला आणि दोन्ही डोळे गेले. ठिपक्यांची लिपी शिकायचा त्याने प्रयत्न केला, पण पोलादाने राठ झालेल्या त्याच्या बोटांना ते ठिपके लागतच नसत. तेव्हापासून चोवीस वर्षं रोज संध्याकाळी नेद्याल्का त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवायची. वर्तमानपत्राचं ठीक होतं. पण चार वर्षांपूर्वी समुद्रकाठच्या एका आरोग्यधामात गेन्चोची ओळख वार्नाच्या रादोस्तिना नावाच्या विधवेशी झाली. ती जुनी टंकलेखिका. महिन्यातून दोन पत्रं पाठवायची, सुबक टंकलेली. आणि ती पत्रं वाचायची कोणी? बहिणीने!

"'माझ्या गेन्चो, काल समुद्र तुझ्यासारखा गुरगुरत होता,'" नेद्याल्का वाचायची, आणि गेन्चो कानापर्यंत लाल होऊन म्हणायचा, "पुढचं सोड. हवामानाचं काय लिहिलंय तेवढं सांग."

"हवामानाचं काहीच नाही रे. पुढे तुझ्या मिशांबद्दल आहे."

"नेदा!"

"अरे, मी थोडंच लिहिलंय! मी आपली वाचतेय."

पण एकदा जिन्यात माझ्याजवळ थांबून ती म्हणाली, "राजे, चौसष्ट वर्षांच्या माणसाला स्वतःचं पत्र एकट्याने वाचता येऊ नये? ती बाई काही लिहिताना आता माझा विचार करते. कळतं मला. पत्रं आखडत चाललीत."

दोन हजार नऊ साली प्रकल्पाचं दुसरं वर्ष संपत आलं. तिसऱ्या वर्षी हे यंत्र तळघरातून निघून माणसांच्या घरी जायचं होतं, आणि पहिल्या दहा घरांच्या यादीत गेन्चोचं नाव होतं. पण त्याआधी ब्रसेल्सने नेमलेले तीन परीक्षक प्लोव्दिवला येणार होते. त्यांनी यंत्र चालताना बघायचं, मग प्रकल्प पुढे न्यायचा की तिथेच थांबवायचा ते सांगायचं. तारीख ठरली सोमवार, दोन मार्च. त्या वर्षी तो ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाचा पहिला दिवस होता. ग्रीसमध्ये त्या दिवशी सुट्टी असते, सगळा देश पतंग घेऊन टेकड्यांवर जातो. परीक्षकांना हे कोण सांगणार?

आदल्या दिवशी, रविवारी, दोन सण एकत्र आले. पहिला मार्च, म्हणून सगळ्यांच्या मनगटावर वसंताच्या स्वागताचा लाल-पांढरा धागा. आणि उपासाआधीचा क्षमेचा रविवार, म्हणून घरोघर लोक एकमेकांची माफी मागत हिंडत होते. नेद्याल्का पांढरा हलवा घेऊन माझ्याकडे आली.

"क्षमा करा, महाराज. वर्षभर वरून तुमच्या बाल्कनीवर गालिचा झटकला."

"देव क्षमा करो, मीही केली. आणि माझी?"

"तुमची कसली?"

"रात्री मोठ्याने संवाद म्हणतो त्याची."

"त्याची नाही करणार," ती म्हणाली. "ते गेन्चोला आवडतात." आणि हलव्याचा मोठा तुकडा माझ्या बशीत ठेवला.

सोमवारी सकाळी मला संस्थेत बोलावलं होतं. परीक्षकांना आवाजाचा मालक दाखवायचा होता. मी जुना काळा कोट घातला. गेन्चोही आला होता, इस्त्रीचा सदरा, मिशा विंचरलेल्या. यंत्र वापरून दाखवणारा माणूस तोच होता. सभागृहात एका टेबलावर कागद टिपून घेणारा स्कॅनर आणि लहान संगणक होता. पण बोलायचं काम शेजारच्या खोलीतल्या मोठ्या सर्व्हरचं.

परीक्षक दहाला येणार होते. साडेनऊला नेद्याल्का हातात तांब्याचं छोटं भांडं घेऊन आली. भांड्यात पाणी, पाण्यात जिरेनियमची डहाळी.

आमच्याकडे कोणी परीक्षेला, सैन्यात, लांबच्या प्रवासाला निघालं की त्याच्यापुढे उंबऱ्यावर पाणी ओततात, काम पाण्यासारखं सरळ वाहावं म्हणून. माझ्या प्रत्येक पहिल्या प्रयोगाला माझ्या आईने ओतलं होतं. नेद्याल्काने गेन्चोला विंगेत उभं करावं तसं दाराशी उभं केलं. सर्व्हरच्या खोलीचा उंबरा हाच आजचा खरा उंबरा, असं तिने ठरवलं होतं.

"उजवा पाय आधी," ती म्हणाली आणि मन मोठं करून अख्खं भांडं उपडं केलं.

उंबऱ्याला लागून एक पायपुसणं होतं. त्याच्याखाली, शनिवारी घाईघाईत, कोणीतरी एक्स्टेंशन बोर्ड सरकवून ठेवला होता.

फाट्कन आवाज झाला. निळी ठिणगी उडाली. गेन्चोचा उजवा पाय हवेतच राहिला. सगळे दिवे गेले आणि रबर जळल्याचा वास पसरला.

"सुरुवात झाली का?" गेन्चोने विचारलं.

शिपायाने फ्यूज बदलला, दिवे आले, सभागृहातला लहान संगणकही उठला. पण मोठा सर्व्हर उठेना. दोन तरुण इंजिनिअर त्याचं पोट उघडून बसले. प्राध्यापक कांबुरोव, उंच, वाकलेले, एरवीही रडवेले दिसणारे, भिंतीला टेकून उभे राहिले.

"दोन वर्षं," ते म्हणाले. "दोन वर्षं, नेद्याल्का! आणि तुम्ही त्याच्यावर पाणी ओतलंत!"

नेद्याल्का भांडं छातीशी धरून उभी होती. "क्षमा करा, प्राध्यापक साहेब."

"क्षमेचा दिवस काल होता!"

इथे माझ्यातला नट जागा झाला. मी पुढे झालो. सभागृहाला मागच्या बाजूने जाड निळा पडदा होता. म्हटलं, "मंडळी, मी आहे ना! आवाज माझाच. कागदाची प्रत मला पडद्यामागे द्या, मी सपाट वाचतो. एकतीस वर्षं लोकांना राजा वाटलो, एक तास यंत्र वाटायला काय हरकत आहे?"

आणि मी करून दाखवलं. काय सपाट वाचलं! त्या दिवशीइतकं चांगलं मी कधी वाचलं नव्हतं. कांबुरोवांच्या चेहऱ्यावर रंग परत यायला लागला. माणूस वाईट नव्हता, घाबरला होता.

"नाही," नेद्याल्का म्हणाली.

"अहो, फक्त एक तास..."

"राजे, तुम्ही वाक्याआधी श्वास घेता. यंत्र घेत नाही. त्या तिघांना कळणार नाही, पण गेन्चोला पहिल्या शब्दाला कळेल. त्याच्या देखत त्याच्याच यंत्राचं खोटं नाटक करायचं? मग तो घरी येऊन माझ्याशी काय बोलेल?"

"मला आत्ताच कळलंय," गेन्चो खुर्चीतून म्हणाला. "पण राजे, काम झकास."

मी पडद्याची कड सोडली. नऊ पंचेचाळीस झाले होते. नेद्याल्काने चष्मा डोळ्यावर चढवला आणि तिचा चेहरा तारीख आठवताना होतो तसा झाला.

"पंधरा नोव्हेंबर," ती म्हणाली.

"काय पंधरा नोव्हेंबर?"

"करारात लिहिलं होतं, पंधरा नोव्हेंबरला प्रत्येकाने आपला आवाज बाकीच्या तिघांना द्यायचा. तुम्ही म्हणालात, अजून पक्का झाला नाही, थांबू. मी थांबले नाही. पाठवून दिला. तो त्यांच्या सर्व्हरवर आहे, एवांथियाने पोचही दिली."

कांबुरोव भिंतीपासून सरळ झाले. "माझ्या परवानगीशिवाय?"

"तारीख होती," नेद्याल्का म्हणाली आणि फोन उचलला.

पलीकडून वारा, पोरांचा कल्ला आणि एवांथियाची हाक ऐकू आली. ती गावाबाहेरच्या टेकडीवर होती. फोन कानाला लावून नेद्याल्का आपल्या त्या तीनशे शब्दांत ओरडत होती. त्यातलं मला एवढंच कळलं: पाणी, ठिणगी, गेन्चो. मग बराच वेळ फक्त ऐकत होती.

"काय म्हणतेय?"

"म्हणतेय, एका हातात भाकर आहे, दुसऱ्या हातात पतंगाची दोरी, आणि फोन कशात धरलाय ते विचारू नकोस." मग पुन्हा ऐकून, "साहेब डोंगरात गेलाय, पण किल्ली तिच्याकडे आहे. दोर नातीकडे देते म्हणाली. जाऊन यंत्र सुरू करायला पाऊण तास."

परीक्षक दहाच्या ठोक्याला आले. त्यांच्यातल्या मुख्य श्रीमती ब्रोगार्ड, डेन्मार्कच्या, पांढऱ्या केसांच्या, हसू जपून वापरणाऱ्या. कांबुरोव पुढे होऊन म्हणाले, "नेटवर्कची एक छोटीशी तांत्रिक अडचण..." आणि तिथेच नेद्याल्का मध्ये पडली. हातात अजून ते तांब्याचं भांडं होतं.

"नेटवर्क नाही," ती आपल्या इंग्रजीत म्हणाली. "मी. मी पाणी ओतलं. चूक माझी. प्राध्यापक चांगले. यंत्र चांगलं. पाणी वाईट."

रंगमंचावर अशी शांतता मी दोनदा अनुभवली आहे, आणि दोन्ही वेळा कोणीतरी संवाद विसरलं होतं. श्रीमती ब्रोगार्डनी भांड्याकडे पाहिलं, डहाळीकडे पाहिलं.

"पाणी कशासाठी?"

नेद्याल्काने सांगितलं. शब्द संपले तिथे तिने हाताने वाहतं पाणी दाखवलं. गेन्चोचा उजवा पायही दाखवला.

"म्हणजे आम्ही यायच्या आधी, आमच्यासाठी?"

"त्याच्यासाठी," नेद्याल्का गेन्चोकडे बोट करून म्हणाली. "तुमच्यासाठी थोडंच."

पहिल्यांदा श्रीमती ब्रोगार्ड हसल्या. "आणि आता?"

"आता थेस्सालोनिकी. पण थांबा. बाई टेकडी उतरतेय."

त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. अकरापर्यंत थांबू म्हणाल्या, त्यानंतर जे दिसलं तेच अहवालात लिहू. पुढचा तासभर नेद्याल्काने त्यांना कॉफी दिली, धागे बांधले, हलवा खाऊ घातला. अकराला नऊ मिनिटं असताना फोन वाजला. एवांथियाला धाप लागली होती. इंजिनिअरने इथून कळा दाबायला सांगितल्या, नेद्याल्काने त्या फोनवर ओरडून पोचवल्या, आणि तिकडे एका कारकून बाईने, आयुष्यात पहिल्यांदा, सर्व्हर सुरू केला.

श्रीमती ब्रोगार्ड म्हणाल्या, "कागद आधीपासून ठरलेला नको. या गृहस्थांकडे दुसरं काही वाचायला आहे?"

नेद्याल्काने भावाला सांगितलं. गेन्चोने कोटाच्या आतल्या खिशातून एक लिफाफा काढला. न फोडलेला. वार्नाचा शिक्का. नेद्याल्का पुढे झाली.

"हे कधी आलं?"

"अकरा दिवस झाले. टपालवाला जिन्यात भेटला होता."

"आणि मला दिलं नाहीस?"

"नाही दिलं," गेन्चो म्हणाला. त्याने स्वतःच लिफाफा फोडला, चाचपडत कागद उलगडला आणि काचेवर ठेवला.

उजेडाची पट्टी सरकली. काही झालं नाही. आमच्या शहरातून तो कागद डोंगरापलीकडे थेस्सालोनिकीला गेला, तिथे त्या रिकाम्या इमारतीत त्याची वाक्यं झाली, आणि ती परत आली. माझ्या आवाजात. सपाट, श्वास न घेता.

"'माझ्या गेन्चो. हे पत्र तू तुझ्या बहिणीला वाचायला देणार नाहीस असं मला वाटतं. म्हणून या वेळी सगळं लिहिते. त्या संध्याकाळी धक्क्यावर तू माझा हात...'"

"बंद करा!" गेन्चो उठून उभा राहिला. दोन्ही हातांनी त्याने काचेवरचा कागद झाकला. "चालतंय! चांगलं चालतंय! बाकीचं माझं आहे."

इंजिनिअरने घाईने आवाज बंद केला. कांबुरोव खिडकीबाहेर बघू लागले. मी, ज्याने प्रेक्षकांसमोर शेकडो प्रेमपत्रं वाचली, मी खाली मान घातली. परीक्षकांना बल्गेरियन येत नव्हतं. त्यांना फक्त एक मिशीवाला लाल होताना दिसत होता.

"त्यांनी का थांबवलं?" श्रीमती ब्रोगार्डनी विचारलं. "काही चुकलं?"

नेद्याल्काने चष्मा काढून गळ्यात सोडला.

"नाही," ती म्हणाली. "पत्र त्याचं आहे. आम्ही ऐकायचं नाही."

श्रीमती ब्रोगार्डनी टेबलावरचं घड्याळ उचललं, मनगटावर त्या लाल-पांढऱ्या धाग्याशेजारी बांधलं, आणि बराच वेळ काहीतरी लिहीत राहिल्या.

अहवाल मे महिन्यात आला. प्रकल्प पुढे चालू राहिला. नेद्याल्काने मला त्यातली एकच ओळ वाचून दाखवली: सर्व भागीदारांमधलं सहकार्य कागदापुरतं नाही, याची आम्हाला प्रत्यक्ष खात्री पटली. तिने ती ओळ टंकून एवांथियाला पाठवली. एवांथियाने कळवलं, नातीने दोर सोडून दिला होता, पतंग समुद्रात गेला, तेव्हा एक पतंग देणं लागता. नेद्याल्काने पुढच्या वर्षी स्वतः नेऊन दिला. टेकडीवर दोघींचा काढलेला फोटो तिच्या कपाटावर आहे. दोघींचे डोळे मिटलेले, तोंडं उघडी.

शरद ऋतूत यंत्र गेन्चोच्या खोलीत आलं. पहिल्या संध्याकाळी तो वार्नाचं पत्र घेऊन आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. चोवीस वर्षांत पहिल्यांदा सहा वाजता नेद्याल्काच्या हाताला काम नव्हतं. ती खाली माझ्याकडे आली, भाजलेल्या मिरच्यांची बशी घेऊन.

आम्ही बसलो. वरून, छतातून गाळून, माझाच आवाज हळूहळू येत होता. शब्द कळत नव्हते.

"काय म्हणताय तुम्ही वर?" नेद्याल्काने विचारलं.

"मला काय माहीत? मी इथे आहे."

ती खो खो हसली. मग उठून तिने माझा रेडिओ लावला, वरचं काहीच ऐकू येणार नाही एवढा मोठा केला, आणि मिरची सोलायला घेतली.